बीजांड तेवढा वेळ काय करत असतं?

प्राजक्ता_म
माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. परवा रात्री ती फलनाचा धडा वाचत होती. कोट्यवधी शुक्राणूंची शर्यत लागते, सगळ्यात चपळ असेल तो पहिला पोचतो, बीजांडाचं कवच भेदतो, वगैरे. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक पालथं घातलं आणि विचारलं, "आई, बीजांड तेवढा वेळ काय करत असतं?"

मला उत्तर आलं नाही. त्याहून जास्त लागलं ते हे, की मी स्वतः विज्ञान शिकले आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. शोधता शोधता एमिली मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा १९९१ सालचा निबंध हाती लागला. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतली क्रियापदं त्यांनी वेचून दाखवली आहेत. बीजांड वाहत जातं, नेलं जातं, वाट पाहतं. शुक्राणू मोहिमेवर निघतो, भेदतो, जिंकतो. खरं तर तोवर प्रयोगांतून वेगळंच दिसू लागलं होतं. शुक्राणूच्या डोक्याचा जोर पुढे घुसण्यापेक्षा बाजूला हलण्यात जास्त असतो. तो सुटायला बघत असतो आणि त्याला धरून ठेवतं ते बीजांडाचं आवरण. पण ज्यांनी हे शोधलं त्यांचीही वाक्यं जुन्याच साच्यातून पडत होती.

बायकांना प्रयोगशाळेत जागा मिळाली पाहिजे, हे आहेच. त्यावर मला इथे वाद नको आहे. मला विचारायचंय ते पुढचं: शोधणारं माणूस कोण आहे यानं, *जे सापडतं* त्यात फरक पडतो का?

केतकीचे_बन
रुमाल टाकून ठेवतेय. मुलीला शाबासकी सांगा.

सव्यसाची
विषय चांगला आहे, पण मी आधीच विरोधी बाकावर बसतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो. दगड वरून सोडला तर कुणी सोडला यावर तो किती वेगाने पडेल हे ठरत नाही. प्रश्न कुठून सुचला आणि उत्तर बरोबर आहे का, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. सुचण्यात माणसाचे लिंग, स्वभाव, बालपण, सगळे येऊ शकते. तपासणीत ते गळून पडते, आणि ते गळून पडावे म्हणूनच तपासणी असते. पाठ्यपुस्तकाची भाषा वाईट असेल तर भाषा सुधारा. त्यासाठी 'ज्ञानाची घडण' वगैरे कशाला?

शाल्मली
सव्यसाची, तपासणीत ते गळून पडतं हे तुम्ही गृहीत धरताय. गळून पडलं नाही, असं एक उदाहरण माझ्याच विषयातलं देते. मी प्राण्यांच्या वर्तनावर काम करते, त्यामुळे हे जरा सविस्तर.

१९४८ साली अँगस बेटमन यांनी फळमाश्यांवर प्रयोग केला. बाटलीत काही नर, काही माद्या. कुणाची पिल्लं किती हे मोजायचं होतं. तेव्हा डीएनए चाचणी नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक माशी वेगळ्या ठळक खुणेची निवडली. एकीचे पंख वळलेले, एकाचे डोळे अगदी बारीक, अशा. पिल्लात दोन खुणा दिसल्या की आईही कळली आणि बापही कळला. निष्कर्ष असा, की नराला जितक्या जास्त जोडीदारिणी तितकी जास्त पिल्लं, आणि मादीला मात्र एकापेक्षा जास्त जोडीदारांचा फारसा उपयोग नाही. १९७२ मध्ये उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी तो उचलून धरल्यावर हा प्रयोग घराघरांत नाही, पण वर्गावर्गांत पोचला. नर उतावळा, मादी चोखंदळ. आम्हीही तसंच शिकलो.

२०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग, तीच पद्धत वापरून पुन्हा केला. अडचण खुणांतच निघाली. दोन्हीकडच्या खुणा घेऊन जन्मलेली बरीच पिल्लं मोजणीपर्यंत जगतच नव्हती. म्हणजे जी मोजली गेली ती निवडक. त्याहून साधी गोष्ट ऐका. प्रत्येक पिल्लाला एक आई असते आणि एक बाप असतो. तेव्हा आयांच्या खात्यातली पिल्लं आणि बापांच्या खात्यातली पिल्लं, दोन्ही बेरजा सारख्याच यायला हव्यात. बेटमनच्या आकड्यांत बापांच्या खात्यात जास्त पिल्लं होती. हे अशक्य आहे. आणि ते ताडून पाहायला बेरजेपलीकडे काही लागत नव्हतं.

चौसष्ट वर्षं.

चार_आणे
बाप जास्त आणि आया कमी! हा हिशेब घेऊन कुठल्याही सूतिकागृहात गेलात तर नर्सच दारातून परत पाठवेल. :)

सव्यसाची
शाल्मली, उदाहरण जबरदस्त आहे. बेरजेचे मला माहीत नव्हते. पण यातून माझेच म्हणणे सिद्ध होत नाही का? चूक सापडली, आणि सापडली ती मोजणी नीट केल्यामुळे. विज्ञानाने स्वतःच स्वतःला दुरुस्त केले.

शाल्मली
विज्ञान कुणी एक माणूस नाही, जो उठून स्वतःला दुरुस्त करील. कुणालातरी शंका यावी लागते, मग त्या माणसाकडे वेळ, पैसा, माश्या आणि बोललेलं ऐकून घेतलं जाईल असं स्थान असावं लागतं. आकडे सगळ्यांसमोर छापलेले होते. ते इतकी वर्षं कुणी जुळवून का पाहिले नाहीत? कारण उत्तर ओळखीचं होतं. जे उत्तर आपल्याला आधीपासून पटलेलं असतं त्याची बेरीज आपण परत करत नाही.

आणि फक्त माश्यांचं नाही. सारा ब्लाफर हर्डी अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास करत होत्या, त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. वानरी आपल्या टोळीबाहेरच्या नरांकडेही जातात, डावपेच करतात, हे त्यांनी टिपलं. ते आधीच्या निरीक्षकांच्या डोळ्यांसमोरही होत असणार. पण वहीत उतरायचं ते नरांच्या मारामाऱ्यांभोवतीचं.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

ॲस्पिरिनमुळे हृदयविकाराचा पहिला झटका टळतो का, यावर एक गाजलेली चाचणी झाली. २२,०७१ डॉक्टर त्यात होते, सगळे पुरुष. १९८९ मध्ये अंतिम निष्कर्ष आला: झटक्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी. त्या आधारावर सल्ला पुरुषांना दिला गेला तसा बायकांनाही दिला गेला. बायकांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष यायला २००५ साल उजाडलं. ३९,८७६ स्त्रिया, दहा वर्षं. त्यात पक्षाघात कमी झाला, पण पहिल्या झटक्यात, ६५ वर्षांपुढच्या स्त्रिया सोडल्या तर, म्हणण्यासारखा फरक नाही. मात्रा दोन्हीकडे वेगळी होती, म्हणून तुलना जपून करायची. पण मधली सोळा वर्षं आम्ही बायकांना जे सांगत होतो ते बायकांवर तपासलेलं नव्हतं, एवढं तरी मान्य करावंच लागेल.

दुसरं, झोपेचं औषध झोलपिडेम. १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१३ मध्ये तिथल्या औषध-नियामक संस्थेनं, एफडीएनं, बायकांसाठी मात्रा निम्मी केली, १० ऐवजी ५ मिलिग्रॅम, कारण बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवतानाही रक्तात पुरेसं उरलेलं असतं.

असं का झालं, तर त्याला एक कारण आहे आणि ते वाईट हेतूचं नाही. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्यामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, ती शोकांतिका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. १९७७ मध्ये एफडीएनं मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. हे धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं गेलं. संरक्षण द्यायला गेले आणि माहितीच मिळेनाशी झाली.

आता माझं स्वतःचं. शिकाऊ असताना रात्रपाळीला एक पन्नाशीच्या बाई आल्या. मळमळ, जबडा दुखतोय, घाम. छातीत कळ नाही म्हणाल्या. मी पित्ताचं औषध देऊन त्यांना बाकावर बसवलं. पहाटे ईसीजी काढला. त्या वाचल्या, पण हृदयाचा जो भाग वाचवता आला असता तो गेला. आमच्या पुस्तकात अशा लक्षणांना 'अनियमित' म्हटलं होतं. निम्म्या मानवजातीत जे बरेचदा दिसतं ते अनियमित कसं, हा प्रश्न मला त्या पहाटेनंतर पडला. अजून पडतो.

केतकीचे_बन
डॉक्टर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या आत्याचं असंच झालं होतं. ती नाही वाचली.

धनुकली
गाड्यांच्या अपघात-चाचण्यांतल्या पुतळ्यांचंही हेच. वर्षानुवर्षं मुख्य पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाली.

आणि कार्यालयातली थंडी! बसणाऱ्या माणसाचं शरीर किती उष्णता बाहेर टाकतं याचा १९६० च्या दशकातला मूळ आकडा चाळीस वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषावर बेतलेला आहे. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी ते दाखवून दिलं. मी रोज शाल घेऊन बसते आणि सहकारी म्हणतात, तुलाच कशी थंडी वाजते.

अनुस्वार
थोडे अवांतर, पण प्राजक्ता यांच्या क्रियापदांच्या मुद्द्याशी जोडलेले.

मराठीत शुक्राणू पुल्लिंगी आणि बीजांड नपुंसकलिंगी, 'ते बीजांड'. त्यामुळे वाक्यातच तो येतो, तो भेदतो, आणि ते पडून असते. पण खरी गंमत 'बीज' या शब्दात आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हटले आहे आणि पुरुषाला बीज. शेत आणि बियाणे. शेत काही देत नाही, फक्त रुजू देते, ही त्यामागची कल्पना. पुढे आपल्या भाषेत 'स्त्रीबीज' हा शब्द रुळला. त्या एका शब्दाने ती सगळी उपमा मोडली. बीज तिच्याकडेही आहे! मला हा शब्द म्हणून फार आवडतो.

पानगळ
अनुस्वार, छान. इतिहासातून एक भर घालतो. लेवेनहुक यांनी शुक्राणू पाहिले १६७७ मध्ये. सस्तन प्राण्याचे बीजांड कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना दिसले १८२७ मध्ये. दीडशे वर्षांचे अंतर! आणि बीजांड हे शुक्राणूपेक्षा कितीतरी मोठे. १६९४ मध्ये हार्टसोकर यांनी शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूसही रेखाटला.

पण यावरून घाईने निष्कर्ष काढू नका, हे मला कळकळीने सांगायचे आहे. अठराव्या शतकात हालर, बॉने, स्पालान्झानी अशी मोठी माणसे उलट पक्षात होती. त्यांच्या मते सगळे काही अंड्यातच असते आणि शुक्राणू दुय्यम. सगळे पुरुषच होते. म्हणजे 'पुरुष होते म्हणून पुरुषाला मोठेपण दिले' एवढे सरळ गणित बसत नाही. आणि अंतराचे कारण तांत्रिकही आहे. शुक्राणू हलतो, एका थेंबात असंख्य असतात. बीजांड एक, शरीरात खोल, अंडाशयातल्या इवल्या पिशवीत (पुटकात) दडलेले.

प्राजक्ता_म
पानगळ, हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत, मी मुलीला उद्या अर्धवटच सांगितलं असतं.

विहंग_प
मी इतका वेळ वाचतोय आणि मला यातलं एक वळण धोक्याचं वाटतं. 'स्त्रियांची विज्ञानाची पद्धत वेगळी असते, त्या जास्त हळुवार, जास्त समरस होऊन बघतात' असं बरेचदा लिहिलं जातं. बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं नाव हमखास येतं. मक्याच्या एकेका रोपाला त्या ओळखायच्या, जनुकं जागा बदलतात हे त्यांनी १९५१ मध्ये मांडलं, फार थोड्यांनी ऐकलं, १९८३ मध्ये नोबेल. हे सगळं खरं. पण त्यातून 'बायकी विज्ञान' काढायचं म्हणजे ज्या खोलीतून बाहेर पडायला शंभर वर्षं लागली त्याच खोलीत परत जायचं.

शाल्मली
विहंग, शंभर टक्के सहमत. आणि मॅक्लिंटॉक यांचं चरित्र लिहिणाऱ्या एव्हलिन फॉक्स केलर यांनीही तो अर्थ नाकारलाच होता.

केलर यांचं स्वतःचं काम इथे जास्त बोलकं आहे. त्या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. स्लाइम मोल्ड नावाचा एक जीव आहे. खायला असतं तोवर त्याच्या पेशी सुट्या सुट्या फिरतात. अन्न संपलं की हजारो पेशी एकत्र येऊन गोगलगाईसारखा एक पुंजका होतो आणि तो सरपटायला लागतो. हाक कोण देतं? जीवशास्त्रज्ञांची समजूत अशी, की काही खास 'म्होरक्या' पेशी असणार. केलर आणि ली सेगेल यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं, की म्होरक्याची गरज नाही. सगळ्या पेशी सारख्याच असल्या आणि त्या सोडत असलेल्या रसायनाचा तोल थोडा बिघडला, तरी गोळा होणं आपोआप सुरू होतं. म्होरक्या पेशींचा ठोस पुरावा नव्हता, तरी लोकांना तेच उत्तर बरं वाटत राहिलं. हुकूम देणारा कुणीतरी असलाच पाहिजे, ही सवय आपण कुठून उचलतो, हे केलर पुढे विचारत राहिल्या. इथे 'बाईचं मन' कुठेच नाही. सवय ओळखणं आहे, आणि मग समीकरण सोडवणं आहे.

निळाई
मी कधी लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं. मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे.

एकदा आमच्याकडे पेशी मरायला लागल्या. वाढवायला ठेवलेल्या पेशी सोमवारी लावल्या की गुरुवारपर्यंत आक्रसून तळ सोडायच्या. मंगळवारी लावलेल्या ठणठणीत. तीन आठवडे सगळे जण पोषकद्रव बदलत होते, सीरमच्या बाटल्या बदलत होते. बैठकांवर बैठका. बाटल्या धुणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "अगं, शनिवारी वरचा डिस्टिल्ड वॉटरचा नळ बंद असतो, मी शेवटचं विसळणं साध्या पाण्यानं करते." सोमवारी त्याच बाटल्या वापरात यायच्या. मी जाऊन सांगितलं. सरांनी आधी ऐकलं नाही. मग मी एका रॅकवर शनिवारच्या आणि दुसऱ्यावर शुक्रवारच्या बाटल्या घेऊन शेजारी शेजारी पेशी लावल्या आणि गुरुवारी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या.

पुढे शोधनिबंधात 'काचसामान डिस्टिल्ड वॉटरने विसळले' असं एक वाक्य आलं. मावशींचं नाव कुठेच नाही. माझंही नाही, पण ते राहू दे. त्या तीन आठवड्यांत मावशींना एकदाही कुणी विचारलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

केतकीचे_बन
निळाई, लिहीत जा हो.

धनुकली
निळाईताईंचं वाचून समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांचा १९८६ चा लेख आठवला. आत काम करणारी पण आतली न मानली जाणारी माणसं. गोऱ्या कुटुंबांत घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपासून त्यांनी सुरुवात केली होती. अशा माणसांना दोन्ही बाजू दिसतात. तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांचं म्हणणंही असंच, की वस्तुनिष्ठता कमी करायला नको, ती *आणखी* कडक करायला हवी. जे तपासतोय त्याच्याबरोबर तपासणाऱ्याची जागाही तपासायची.

सव्यसाची
निळाई, तुमच्या दोन रॅकना माझा नमस्कार. प्रयोग असाच करतात.

पण माझी काळजी अजून तशीच आहे. 'प्रत्येकाचे ज्ञान त्याच्या जागेवरून' असे म्हटले की उद्या पृथ्वी सपाट मानणाराही 'ही आमची जागा' म्हणेल. १९९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी मुद्दाम निरर्थक लेख लिहिला आणि तो 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाने छापला. अशी मांडणी करणारे लोक पुराव्याला घट्ट धरून आहेत, याची खात्री मला कशी पटावी?

विहंग_प
प्रश्न रास्त आहे. सोकल प्रकरणात त्या नियतकालिकानं भौतिकशास्त्रज्ञाकडून लेख तपासूनच घेतला नव्हता, ती चूकच.

मला स्वतःला तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो यांची मांडणी सगळ्यात पटते (१९९०). त्यांच्या मते वस्तुनिष्ठता हा एकट्या माणसाचा गुण नाही, समूहाचा आहे. टीका करायला खुली जागा हवी. टीकेनं मतं खरोखर बदलायला हवीत. निकष सगळ्यांना माहीत असलेले हवेत. आणि टीका करणाऱ्याचं म्हणणं तो कोण आहे यावरून हलकं ठरता कामा नये. सपाट पृथ्वीवाला दुसऱ्या अटीतच अडकतो, कारण टीका झाली तरी तो हलत नाही. आणि निळाईंच्या सरांची प्रयोगशाळा त्या तीन आठवड्यांत चौथ्या अटीत अडकली होती.

सव्यसाची
चौथी अट वाचल्यावर मला माझ्याच विषयातली गोष्ट सांगावी लागेल. सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांच्या प्रकाशावरून काढले, की ताऱ्यांत हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या कितीतरी पट आहे. त्या काळचे वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटले. शेवटी हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरे नाही, असे वाक्य पेन यांनी स्वतःच्याच प्रबंधात घातले. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर आले. ताऱ्याला काही फरक पडला नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण तारा कशाचा आहे हे आपल्याला चार वर्षे उशिरा कळले. बरोबर उत्तर छापलेले होते आणि त्याच्याच खाली ते खोडलेले होते. मी हा किस्सा वर्गात दरवर्षी सांगतो, त्या वाक्यामागे काय असेल याचा विचार आज प्रथम केला.

नाडीपरीक्षा
उंदरांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. मादी उंदरांत संप्रेरकांचं चक्र असतं, त्यामुळे आकडे फार वरखाली होतात, असं म्हणून वर्षानुवर्षं नरच वापरले गेले. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले. माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत, असं निघालं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली: प्रयोग करणारा पुरुष जवळ असला तर उंदीर ताणाखाली येतात आणि वेदना कमी दाखवतात. पुरुषानं आदल्या रात्री घातलेला टी-शर्ट नुसता पिंजऱ्याजवळ ठेवला तरी तसंच.

चार_आणे
म्हणजे 'साहित्य आणि पद्धती' मध्ये शर्टचीही नोंद हवी! पण खरंच, सव्यसाचीसर, इथे तर शोधणाऱ्याच्या लिंगाचा परिणाम आकड्यात उतरला ना?

सव्यसाची
उतरला. दगडाला नाक नसते, उंदराला असते. हे मी लिहून ठेवतो.

प्राजक्ता_म
तीन दिवस हा धागा मी आणि लेक मिळून वाचतोय. तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं, ते इथेच देते, चुकलं असेल तर शाल्मली किंवा डॉक्टर सांगतीलच.

शुक्राणू निघतो तेव्हा तो फलन करण्याच्या लायकीचाच नसतो. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर त्याच्यात बदल होतात, मग तो तयार होतो. हे १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन यांनी वेगवेगळं शोधलं. बीजांडाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात, त्यानं शुक्राणूची हालचाल बदलते. बीजांडाच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, ते २०१४ मध्ये सापडलं, नाव जुनो. शुक्राणूवरचं इझुमो हे प्रथिन त्याला जुळलं तरच पुढचं होतं. आणि एक आत आला की बीजांड जुनो पृष्ठभागावरून टाकून देतं, आवरण कडक करतं, दुसऱ्याला येऊ देत नाही.

हे सगळं तिनं वहीत लिहून काढलं. आकृतीत शुक्राणूकडून बीजांडाकडे एकच बाण होता, तिनं बीजांडाकडून चार काढलेत आणि प्रत्येकावर नाव घातलंय. चौथ्या बाणापाशी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलंय, "टाकलेल्या जुनोचं पुढे काय होतं?"

शाल्मली
तिला सांगा, टाकलेला जुनो बारीक पुटिकांत बाहेर पडतो, आणि त्या पुटिका मागून येणाऱ्या शुक्राणूंना अडकवून ठेवत असाव्यात असं शोधणाऱ्यांनीच सुचवलंय. नक्की व्हायचंय अजून. पाचव्या बाणाला जागा ठेव म्हणावं.